वहिनीच्या मोसमातला खेळ

तुमच्या मुलाच्या हातात आत्ता जो खेळ आहे, तो तुम्ही कधी त्याच्या शेजारी बसून खेळला आहात का? खेळू दिलात का, असं मी विचारत नाही. लांबून पाहिलात का, असंही नाही. खेळला आहात का?

मी नव्हते खेळले. विरोध केला की आपलं काम झालं, असं मला वाटायचं. आमच्या घरात विरोधाची रीत ठरलेली होती: पत्रक काढायचं. खाजणातला बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की पत्रक, मिठागरावरची मजुरी रखडली की पत्रक, कातकरी वाडीचा रस्ता कागदावरच संपला की पत्रक. आई-बाबांच्या त्या गठ्ठ्यांवर मी अक्षरं शिकले. मी स्वतःहून वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' होता, असं आई सांगते. मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचे, आणि कागद उजेडात धरला की सातच्या पाढ्यामागून एखादी मागणी उलटी दिसायची.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी भाची आणि भाचा माझ्या ताब्यात आले, तेव्हा मी मला येत होतं तेच केलं. मोठ्या अक्षरांत एक कागद लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला: 'या घरात मोबाईलवरचे खेळ चालणार नाहीत.' भाची नुकतीच पहिलीत गेली होती. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून तो वाचला आणि विचारलं, "आत्या, खाली सही कोनाची?"

"माझी."

"मग तू नको खेळू. आमची कुठं सही हाय?"

दादा चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरशात राहतो. दादा एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. वहिनीचं माहेर पेणजवळ हमरापूरला, आणि तिथल्या बहुतेक घरांसारखं तिचंही घर गणपती करतं. दर वर्षी मोसम आला की ती माहेरी कामाला जायची, मुलांना बरोबर घेऊन. मुलं मूर्तींच्या रांगांमध्ये लपाछपी खेळत, अंगाला रंग लावून घेत, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर झोपत. मी एकदा दुपारची तिथे गेले होते. पत्र्यातून गाळून आलेला उजेड, हवेत पांढरी धूळ, आणि त्या धुळीत अजून डोळे न काढलेले शेकडो गणपती एकाच दिशेला तोंड करून बसलेले. आवाज फक्त पंख्याचा. मला वाटलं, आपण कोणाच्या तरी झोपेत चुकून शिरलोय.

त्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. भाचीची शाळा सुरू झाली, म्हणून मुलं वरशालाच राहिली. भाचा चार वर्षांचा झाला होता, तोही बहिणीला सोडून जाईना. आणि वहिनीच्या वडलांचा हात थरथरायला लागला. तोवर मूर्तींची आखणी, म्हणजे डोळे काढणं, त्यांच्याकडे होतं. वहिनी पितांबर रंगवायची, दागिने काढायची. डोळे शेवटी, आणि ते एकाच हाताचे, असा त्या घरातला नेम. तो हात आता वहिनीचा होणार होता. जायच्या आदल्या दिवशी ती भांडी घासता घासता थांबे आणि ओल्या बोटानं ओट्यावर एक भुवई ओढे. पुसे. परत ओढे. तिला इतकं आनंदी मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

रोज संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करायची. पहिले काही दिवस मुलांनी एकमेकांना ढकलत फोन ओढला. मग भाच्यानं एक नवीनच सुरू केलं. वहिनीचा चेहरा दिसला की तो फोन हातात घ्यायचा, खाटेवर नीट ठेवायचा आणि त्यावर काहीतरी पांघरायचा. कधी रुमाल, कधी बहिणीचा फ्रॉक, कधी घरात ढिगानं पडलेल्या पत्रकांपैकी एक. आणि शेजारी बसून राहायचा. पांघरूण काढायला गेलं की किंचाळायचा.

"काय गो, अंधार का झाला?" पांघरुणाखालून वहिनीचा आवाज यायचा. "लाईट गेली काय?"

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग ती हसेनाशी झाली. एका संध्याकाळी तिनं मला बाजूला घेतलं, म्हणजे मी फोन घेऊन गच्चीत गेले. तिच्या कपाळावर सोनेरी रंगाचा एक ठिपका होता.

"माझं तोंड नको झालंय त्याला," ती म्हणाली. "थोडं दिवस बघते. नायतर येते परत. आखणी काय, करील दुसरं कोनतरी."

दुसरं कोणी नव्हतं. तिचा भाऊ फवारणीची गन चालवायचा, त्याचा हात मोठ्या रंगाचा. हे तिला माहीत होतं, मलाही. ती परत आली असती, तर आखणी बाहेरच्या कारागिराकडे गेली असती आणि परत घरी आली नसती.

मी पेटले. पोर रुसलं की बाईचं काम सुटतं, हा कुठला कायदा? पोर रुसलं म्हणून एखाद्या बापानं शिफ्ट सोडल्याचं कोणी ऐकलंय का? हे सगळं मी दादाला ऐकवलं. तो सेकंड शिफ्टला निघाला होता, बुटाची नाडी बांधत होता.

"मला नको पत्रक वाचून दाखवू," तो म्हणाला. "मी कुठं तिला ये म्हनालो? पन तो फोन झाकतो, हे खरं ना? मग त्याला फोनकडं बघायला लाव आधी. तू तर फोनवरच बंदी घातलीस."

हे मला लागलं, कारण ते बरोबर होतं. जिथे आई दिसते त्या काचेशीच मी भांडण मांडून बसले होते. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी फ्रिजवरचा कागद काढला. कंपनीतल्या मित्राकडून दादानं जुना टॅब आणला होता, तो कपाटावरून खाली आला. मी ठरवलं, आपण तिघं मिळून खेळू असा एक खेळ शोधायचा. त्याला काचेची सवय झाली, त्या काचेत माणसं बरोबर असतात हे कळलं, की तो आईकडेही बघेल.

खेळ शोधणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. मुलांसाठी म्हणून जे फुकट मिळतं, ते उघडून बसा एकदा. मांजर पळतंय, मुलं हसतायत, आणि नेमकं हसू आलं की खेळ थांबतो आणि जाहिरात लागते. पेटी उघडायची तर जाहिरात बघा. पडलात, परत उठायचंय, जाहिरात बघा. लेकराचं रडू कुठल्या क्षणी येतं हे मोजून तिथे दुकान मांडणारी ही माणसं आहेत. जत्रेतला फुगेवाला तरी मुलाकडे बघून हसतो. असे खेळ मी एकामागून एक पुसले. भाची म्हणाली, "आत्या, तू खेळतेस का केर काढतेस?"

मग ज्यात जाहिराती नाहीत असे पाहिले. एक गाड्यांच्या शर्यतीचा होता. त्यात भाची जिंकायची, भाचा दरीत पडायचा, आणि दरीतून वर येईपर्यंत शर्यत संपलेली असायची. शर्यत वाईट असते असं मी म्हणणार नाही, पण चार वर्षांच्या मुलानं सहा वर्षांच्या मुलीकडून रोज हरायचं, याला खेळ कसं म्हणायचं? दुसरा स्वयंपाकघराचा होता. दोघातिघांनी मिळून जेवण बनवायचं, घड्याळ पुढे पळतंय. भाच्यानं सगळे कांदे जमिनीवर मांडून ठेवले, रांगेत, आणि त्यांच्यात फिरत बसला. भाची ओरडली, "अरे, गिऱ्हाईक गेलं! गिऱ्हाईक गेलं!" तो घाबरून टॅबच्या मागे बघायला लागला, गिऱ्हाईक कुठून जातं ते. घड्याळ पाहिलं की आमच्या तिघांचेही आवाज चढत. घड्याळवाले खेळ मी बाद केले. घड्याळ दादाच्या आयुष्यात पुरेसं होतं.

त्या दुपारी मला अजून दिसतात. शाळा सुटून भाची यायची, आम्ही जेवायचो, आणि बाहेर ढग इतके खाली उतरलेले असायचे की कुंडलिका नदीपलीकडचे डोंगर कोणीतरी पुसून टाकलेत असं वाटायचं. खोलीत हिरवट अंधार. एका चादरीखाली आमची तीन डोकी, मध्ये टॅब, आणि त्याचा उजेड मुलांच्या हनुवटीवर पाण्यासारखा हलायचा. भाच्याचा श्वास माझ्या दंडावर लागायचा. लांब रेल्वेचा भोंगा वाजायचा, आणि खेळातल्या कुठल्यातरी गावातून ती गाडी चाललीय असं वाटायचं. मी कामं सोडून खेळत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. पत्रकं वाटून जे कधी मिळालं नव्हतं ते मिळत होतं: ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांच्याच शेजारी आडवं पडायला.

मग आम्हाला तो प्राण्यांचा खेळ सापडला. त्यात एक प्राणी बनवायचा. अंग निवडायचं, शेपूट, रंग, कान, शेवटी डोळे. हरण्याचा प्रश्नच नाही. भाचा यात तरबेज निघाला. त्याला रंग कळायचे. हिरव्यावर कुठला पिवळा शोभतो हे तो बोट फिरवून फिरवून ठरवायचा. बहिणीनं शेपूट लावलं, मी कान लावले, त्यानं डोळे लावले. सुंदर प्राणी झाला, थोडा म्हशीसारखा, थोडा ढगासारखा. भाची टाळ्या पिटत होती. आणि भाच्यानं टॅब हातात घेतला, खाटेवर नीट ठेवला, माझी ओढणी त्यावर पांघरली आणि शेजारी बसला.

पुन्हा तेच. आईला झाकतो तसंच. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. प्राणी पूर्ण झाला, झाकला, बसला. मला वाटलं, डोळे आले की याला भीती वाटते. काचेतून आपल्याकडे कोणी बघतंय हे त्याला सहन होत नाही. मी तो खेळ पुसून टाकला, आणि संध्याकाळी वहिनीला काय सांगायचं याचा विचार करत बसले. तिला सांगायचं होतं की ये.

भाचीनं टॅब उघडला आणि आकांत केला. "माझा प्रानी कुठं गेला? तू पुसलास?"

"त्याला भीती वाटते गं."

"कोनाला?"

"तुझ्या भावाला. झाकून नाही का ठेवत तो?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच मुंबईवरून आलेली पाहुणी. "भीत नाय तो. आजोबा झाकतात ना आपला गनपती."

"कुठला आपला?"

"आपला! घरचा! गिऱ्हाइकानं मागू नाय म्हनून. झाकलेला कोनी नेत नाय."

मी भाच्याकडे पाहिलं. तो जमिनीवर बसून फुटपट्टी चाटत होता. मी विचारलं, "आईला का झाकतोस रे?"

"आपली हाय," तो म्हणाला. फुटपट्टी तोंडातून न काढता.

मी गच्चीत गेले आणि वहिनीला भरदुपारी फोन लावला. कारखान्यात दुपारी फोन उचलत नाहीत, पण तिनं उचलला. "काय गो, पोरांना काय झालं काय?" मी सांगितलं. त्या घरात दर वर्षी आखणी झाली की सगळ्यांत चांगली मूर्ती वहिनीचे वडील बाजूला काढून माळ्यावर ठेवतात आणि तिच्या तोंडावर वर्तमानपत्राचा कागद बांधतात. एखाद्याला आवडली आणि त्यानं हट्ट धरला तर नाही म्हणणं जड जातं, म्हणून. हे तिला जन्मापासून माहीत होतं. इतकं सवयीचं, की आपल्या मुलानं तेच केलं तेव्हा तिला ते ओळखू आलं नाही.

"मी बी ना," ती म्हणाली. "मला वाटलं मला विसरला. आनि तो मला माळ्यावर टाकून बसलाय." मग हसायला लागली, मग नाक ओढलं, मग कोणाला तरी म्हणाली, "काय नाय वो बाबा, तुमचा नातू धंदा शिकला."

पण कळलं म्हणून सगळं मिटलं नाही. त्याची भीती खरीच होती. आई घरातून जात होती, दिवसचे दिवस. काचेत यायची आणि बटण दाबलं की नाहीशी व्हायची. ज्याची वस्तू रोज नाहीशी होते तो ती झाकणारच. आता मला कळलं की कुठला खेळ शोधायचा. असा, की ज्यात गेलेलं माणूस नाहीसं होत नाही.

तो मिळायला वेळ लागला. मिळाला तो एका बेटाचा होता. चार माणसं, काही एका टॅबवरून, काही आपापल्या फोनवरून, एकाच बेटावर राहू शकतात. झाडं लावायची, पाणी आणायचं, घर बांधायचं, घड्याळ नाही, शत्रू नाही. अनोळखी कोणी आत येऊ शकतो का, हे मी आधी तपासलं. आपण बोलावल्याशिवाय कोणी येत नव्हतं. आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी तो ठेवला: खेळणाऱ्यानं फोन बंद केला की त्याचं माणूस बेटावर तिथेच आडवं होतं आणि झोपतं. इतरांना ते दिसत राहतं.

वहिनी जेवणाच्या सुट्टीत बेटावर येऊ लागली; खेळातूनच तिचा आवाजही यायचा. सुरुवातीला तिला चालताच येईना, समुद्रात शिरायची. "गो बाय, मला कोनतरी वर काढा!" भाची तिला हात धरून आणल्यासारखी पुढे पुढे चालायची. "आई, इकडं. आई, तिकडं चिखल हाय. आई, तू बघतेस कुठं?" वहिनीनं दगड रंगवायला घेतले आणि भांडण काढलं: "ह्यो काय पिवळा? ह्याला पिवळा म्हनतात? पितांबराला लावला तर लोक परत आनून देतील." भाचा दगडाजवळ उभा राहून तिचं रंगवणं बघायचा. मग तिकडून कोणीतरी हाक मारायचं, ती म्हणायची, "चल, डोळं वाट बघतायत," आणि तिचं माणूस झाडाखाली आडवं व्हायचं.

पहिल्या दिवशी भाच्यानं रुमाल शोधला. सापडला. तो हातात धरून टॅबकडे बघत राहिला. बेटावर संध्याकाळ होत होती, समुद्र गुलाबी झाला होता, आणि आई झाडाखाली झोपलेली होती, श्वासानं तिचं पोट वरखाली होत होतं. त्यानं आपलं माणूस चालवत नेलं आणि तिच्या शेजारी आडवं केलं. मग भाचीनं. मग मला ढोसलं, "आत्या, तू पन." मीही आडवी झाले. चादरीखाली आणि बेटावर, दोन्हीकडे आम्ही पडून होतो. बराच वेळ काही झालं नाही. खेळात काहीच न होणं इतकं सुंदर असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

रुमाल तसाच त्याच्या मुठीत राहिला. पुढेही काही दिवस तो रुमाल घेऊन बसायचा, झाकायचा नाही.

आणि मग एका संध्याकाळी वहिनीचा कॉल आला. भाचीनं फोन भिंतीला टेकवून ठेवला. भाचा जमिनीवर डब्यांचं घर करत होता. त्यानं वर पाहिलं, आईचा चेहरा पाहिला, आणि म्हणाला, "आई, तू लावलेल्या झाडाला आंबं आलं. उद्या ये." आणि डब्यांकडे वळला. बस, इतकंच. फोन उघडाच होता. वहिनीनं फक्त मान डोलावली. ती बोलली असती तर रडली असती, आणि तिच्या हातात बारीक ब्रश होता.

ती शेवटचा टेम्पो भरेपर्यंत हमरापूरला राहिली. आखणी तिनंच केली, सगळी. या वर्षीही तीच करतेय. मी हे लिहितेय तेव्हा ती तिकडेच आहे, आणि भाची आता मला खेळ निवडून देते, माझी निवड तिला पटत नाही.

तुमच्याही घरातलं कोणीतरी कामावर असेल. कंपनीत, मिठागरावर, कोलाडच्या एखाद्या हॉटेलात चुलीपुढे, किंवा परगावी. म्हणून एक करा. आज घरी गेलात की मुलांचा खेळ उघडा आणि बघा, त्यात दुसऱ्या माणसाला जागा आहे का. नसेल तर तो पुसा आणि जागा असलेला शोधा. मग कामावरच्या त्या माणसाला फोन करा, त्याच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारा, आणि उद्या त्या वेळेला त्याला खेळायला बोलवा.